सपोर्टवर ढकललंय मला, आता नक्की कोणता कॅरेक्टर धरू?

बेताचा_एइम

मंडळी, आमचा पाच जणांचा ग्रुप आहे, जास्त करून ओव्हरवॉच आणि मधून मधून लीग ऑफ लेजंड्स. आमच्यातला जो कायम सपोर्ट (बाकीच्यांना सांभाळणारा) खेळायचा त्याने खेळणं सोडलं आणि दुसरा सपोर्टवाला हिरो बदलायला तयार नाही, मग सगळ्यांनी एका सुरात माझं नाव घेतलं, कारण काय तर "तुझं एइम (नेम) तसंही बेताचंच आहे". आता ते खरंच आहे त्यामुळे वाद घालायला जागा नव्हती. पण मॅपचं भान मला बऱ्यापैकी आहे, म्हणजे कोण कुठे आहे, मागून कोण येतोय, समोरच्या कोणाचं अल्ट (सगळ्यात मोठा स्पेल, जो भरायला वेळ लागतो) तयार झालं असेल हे डोक्यात आपोआप राहतं.

तर जो तो सांगतो मर्सी घे, लीगमध्ये सोराका घे, सोप्पं आहे. घेतलं. टँकला (पुढे राहून मार झेलणाऱ्याला) हीलचा पिवळा बीम लावायचा आणि त्याच्या मागे मागे फिरायचं, नुसत्या पाट्या टाकल्यासारखं वाटतं. मॅच संपल्यावर स्कोअरबोर्डवर हीलिंग लॉबीत सगळ्यात जास्त माझं, तरी आम्ही हरलेलो, आणि वरून "हील कुठे होतं रे" हे ऐकून घ्यायचं.

टीम सांगतो म्हणजे अंदाज येईल. टँक राइनहार्ट खेळतो पण शिल्ड धरण्यापेक्षा त्याला चार्ज मारण्यात रस. दुसरा गेंजी, तो कुठे असतो हे त्याचं त्यालाच माहीत. लीगमध्ये हाच गेंजीवाला जिंक्स खेळतो आणि तिथेही पुढे पुढेच करतो.

मला विचारायचंय की सपोर्ट निवडताना तुम्ही नेमकं काय बघता, स्वतःला काय जमतं ते की टीमला काय पाहिजे ते? आणि एकच पक्का करायचा की दोन तीन? आणि बेताच्या एइमवर वरच्या रँकला टिकता येतं का खरंच, की सांगायच्या गोष्टी आहेत?

---

वॉर्डवाला

हीलिंगचा आकडा बघणं आधी बंद कर. तो आकडा मोठा असणं म्हणजे तुझ्या टीमने मार जास्त खाल्ला एवढंच. ज्या मॅचमध्ये समोरचा आधी मरतो त्या मॅचमध्ये हीलिंग कमीच दिसतं कारण मार द्यायला समोर उरलंय कोण.

मी निवडताना एकच बघतो. फाइट कोणत्या क्षणी फिरते आणि तो क्षण माझ्या हातात देणारा हिरो कोणता. काही सपोर्टकडे फाइट सुरू करायचं हत्यार असतं, काहींकडे समोरच्याचं हत्यार बोथट करायचं, आणि काहींकडे फक्त आपल्या माणसाला अजून दोन सेकंद जिवंत ठेवायचं. तुला त्यातलं काय करायला आवडतं आणि तुझी टीम कशात मार खाते, या दोन्हीचा मेळ जिथे बसतो तो तुझा हिरो. बाकी सोपा अवघड वगैरे नंतर.

आता तुझी टीम. राइनहार्ट चार्ज मारणारच, तो काय तुझ्या सांगण्याने थांबायचा नाही. मग त्याला हील करत मागे राहण्यापेक्षा त्याच्याबरोबर सगळ्यांनाच पुढे नेलं तर? लुसिओ घे. स्पीड लावला की राइन पायी चालत समोरच्याच्या अंगावर जाऊन हातोडा मारू शकतो, त्याला चार्जची गरजच कमी पडते, आणि राइन-लुसिओ ही जोडी गेम २०१६ ला आला तेव्हापासून चालत आलेली आहे ती उगाच नाही. लुसिओचं हील आणि स्पीड दोन्ही आजूबाजूच्यांना आपोआप लागतं, नेम धरावा लागत नाही, म्हणजे तुझे डोळे मोकळे राहतात आणि ते तू जे म्हणतोयस ना मॅपचं भान, त्याचा उपयोग करायला वेळ मिळतो. मर्सीने सुद्धा मिळतो खरं तर, पण मर्सीचा निळा बीम, म्हणजे डॅमेज वाढवणारा, तू किती वापरतोस सांग. तू फक्त पिवळ्याचं नाव घेतलंस म्हणून विचारतोय. ज्याला आत्ता मार लागत नाहीये त्याला पिवळा लावून ठेवणं म्हणजे अर्धी मर्सी खेळणं.

आना नको तुला सध्या. हिरो भारी आहे, जांभळा ग्रेनेड समोरच्या तिघांवर पडला की त्यांना काही सेकंद एक थेंब हील मिळत नाही, त्यात तुमचा राइन आत शिरला तर फाइट तिथेच संपली. पण हील करायला पण नेम लागतो, आणि भिंतींवरून उड्या मारणाऱ्या गेंजीला आनाने हील करणं म्हणजे शिक्षा आहे.

---

डीपीएस_बाप

एवढं तत्त्वज्ञान कशाला. मोइरा घे, सगळ्यांना मार. लीगमध्ये ब्रँड नाहीतर व्हेल्कॉझ घे बॉटम लेनला (मॅपवरच्या खालच्या वाटेला). सपोर्टला पण किल मारता आले पाहिजेत नाहीतर असल्या टीममेटच्या भरवशावर रँक वर जायचा नाही.

---

मिनीमॅप_राणी

डीपीएस_बाप, तो पाच जणांचा ग्रुप घेऊन खेळतोय रे, सोलो क्यू, म्हणजे एकट्याने अनोळखी लोकांत खेळणं, नाहीये हे. वाचून तरी उत्तर दे.

मी लीगचं सांगते, ओव्हरवॉच माझा प्रांत नाही. जिंक्स आहे ना, मग गोष्ट सोपी आहे. जिंक्सकडे पळून जायला एकही डॅश नाही पण तिला शांतपणे उभं राहून मारू दिलं तर ती एकटी फाइट संपवते. त्यामुळे तिच्यासोबत असा सपोर्ट पाहिजे जो तिच्यावर उडी मारणाऱ्याला अडवेल. माझं मत लुलू. तिचं पॉलिमॉर्फ, जिंक्सला अटॅक स्पीड देणं, शिल्ड, अल्ट, सगळं टार्गेटवर क्लिक करून जातं, नेम फक्त क्यू बटणाच्या स्पेलला लागतो. समोरचा असॅसिन जिंक्सवर आला की त्याला छोटासा प्राणी करून टाकायचं, एक-दीड सेकंद तो काहीच करू शकत नाही आणि तेवढ्यात जिंक्स त्याचं काम करते. पण ते पॉलिमॉर्फ त्याच्यासाठी राखून ठेवावं लागतं, जो पहिला दिसेल त्याच्यावर टाकून मोकळं व्हायचं नाही, खरं घोडं इथेच पेंड खातं.

सोराकाबद्दल मात्र लोक अर्धवट सांगतात. तिचं हील तिच्या स्वतःच्या हेल्थमधून जातं, म्हणजे तू जितका उदार तितका तू आधी मरणार. शिवाय समोरच्याने इग्नाइट घेतला किंवा ग्रीव्हस वुंड्सचा आयटम घेतला की हील ४० टक्क्यांनी कमी. मग दिवसभर डब्ल्यू, म्हणजे तिचं हीलचं बटण, दाबत बसलास तरी काय उपयोग. पण तिचं अल्ट मॅपवर कुठेही असलेल्या सगळ्यांना हील देतं, आणि तू म्हणतोस तुला मॅप दिसतो. टॉप लेनमध्ये आपला माणूस मरता मरता वाचवला आणि उलट किल मिळाला असं सोराकाने होतं, फक्त त्यासाठी स्वतःच्या लेनमधून नजर काढून मिनीमॅपवर ठेवावी लागते. म्हणजे सोराका तुला चालेल सुद्धा, पण लोक ज्या कारणाने सांगतायत त्या कारणाने नाही.

आणि एक, समोर काय आलंय ते बघून निवड. समोर ब्लिट्झक्रँक, नॉटिलस असे हूकवाले असले आणि तू सोराका लॉक केलीस तर मग रडायचं नाही. तिथे मॉर्गाना घे, तिची काळी शिल्ड वेळेत पडली तर हूक लागूनही खेच बसत नाही. किंवा जॅना, आलेल्यांना उडवून परत पाठवते.

---

जुना_मेडिक

वर सगळे हिरोंची नावं देतायत, मी जरा लांबून येतो.

टीम फोर्ट्रेस २ चा मेडिक खेळत मोठा झालोय, २००७ चा गेम, आजही लोक खेळतात. त्यात मेडिकचं सगळं आयुष्य एका गोष्टीभोवती फिरतं, उबरचार्ज. आठ सेकंद तू आणि तू ज्याला हील करतोयस तो, दोघांना काही होत नाही. जखमी माणसांना सलग हील करत राहिलास तर साधारण ४० सेकंदात भरतो, आणि मेलास की सगळा शून्य. म्हणजे समोरच्या मेडिकचा चार्ज आत्ता किती भरला असेल हे डोक्यात मोजत राहायचं, आपला आधी भरला तर घुसायचं, त्याचा आधी भरला तर मागे सरून त्याचे आठ सेकंद वाया घालवायचे. बंदूक तर मेडिकच्या हातात नावाला असते.

सांगायचा मुद्दा, बेताच्या एइमवर टिकता येतं का हा प्रश्न तू विचारलास, टिकता येतं, पण मोजता आलं पाहिजे. तू म्हणतोस समोरच्यांचं अल्ट कधी तयार होईल याचा अंदाज तुला येतो. हे ज्याला येतं त्याने असा सपोर्ट घ्यावा ज्याच्याकडे उत्तर देणारं अल्ट आहे. ओव्हरवॉचमध्ये झेन्याटाचं ट्रान्सेंडन्स आणि लुसिओचं साउंड बॅरियर. दोन्ही सारखी नाहीत हं. ट्रान्सेंडन्स सलग लागणाऱ्या माराला उत्तर आहे, म्हणजे गेंजी तलवार काढून एकेकाला कापत सुटलाय तर झेन त्याच्यासमोर निवांत तरंगत सगळ्यांना भरत राहतो. पण एका फटक्यात जो मारतो त्याच्यापुढे ते हील काय कामाचं, माणूस मेला की मेला. तिथे बॅरियर पाहिजे, जो मार बसायच्या आधी अंगावर चढतो. आणि आधी म्हणजे आधी. लुसिओ उडी मारून जमिनीवर आपटतो तेव्हा तो लागतो, तेवढा वेळ पण धरावा लागतो, नाहीतर वरातीमागून घोडं.

झेनला मात्र एइम लागतं. त्याचा डिस्कॉर्ड ऑर्ब आपोआप चिकटतो, ज्याला चिकटला त्याला सगळ्यांचाच मार जास्त बसतो, पण झेनचं स्वतःचं हील एका वेळी एकाला आणि हळू, म्हणून झेनवाल्याने समोरच्याला मारलंच पाहिजे. तुझ्यासाठी लुसिओच. वॉर्डवाल्याशी सहमत.

जाता जाता, मर्सी आधी अशी नव्हती. तिचं अल्टच रिझरेक्ट होतं, आजूबाजूला मेलेले सगळे एकदम उठायचे, मग मर्सीवाले काय करायचे तर टीम मरायची वाट बघत कोपऱ्यात लपून बसायचे. २०१७ मध्ये ते काढून एका वेळी एक असं केलं. बरं झालं. सपोर्टने आपल्या लोकांच्या मरणाची वाट बघणं हा प्रकारच मला कधी झेपला नाही.

---

पाचवा_नंबर

हाहा तुम्ही सगळे हील हील करताय, आम्ही डोटावाले. आमच्याकडे अर्ध्याहून जास्त सपोर्टकडे हीलच नसतं.

डोटा २ मध्ये सपोर्ट म्हणजे पोझिशन चार आणि पाच, आणि तो नंबर कशाचा तर पैशाचा. टीममध्ये सोनं कोणाला आधी मिळणार त्याचा क्रम. पाचवा म्हणजे सगळ्यात गरीब. त्यामुळे सपोर्ट निवडायचा नियम आमच्याकडे सरळ आहे, जो हिरो कंगाल असताना आणि लेव्हल मागे असताना पण कामाचा राहतो तो घे. लायन बघ, एक आयटम नसला तरी समोरच्या श्रीमंत कॅरीला, म्हणजे ज्याच्या जिवावर मॅच जिंकायची त्याला, बेडूक करून ठेवतो. शॅडो शामन तसाच, त्याच्याकडे तर धरून ठेवायचा पण स्पेल आहे, दोन्ही क्लिक करून लागतात. क्रिस्टल मेडन पावलं टाकते गोगलगायीसारखी पण तिच्या ऑरामुळे सगळ्या टीमला मॅना मिळत राहतो, मेलेली असताना शिव्या खाते आणि तरी लेन तिच्यामुळे जिंकलेली असते. डॅझल घेतलास तर शॅलो ग्रेव्ह, ज्याच्यावर टाकला तो काही सेकंद मरूच शकत नाही, हेल्थ एकवर येऊन थांबते. हीलपेक्षा हे जास्त धमाल असतं पण बटण अर्धा सेकंद उशिरा दाबलं की गेलं.

नवीन असशील तर ओगर मॅजाय, लवकर मरत नाही आणि बटणं कमी. आयो, चेन, ऑरॅकल यांच्या नादाला लागू नकोस. ऑरॅकलचा तर एक स्पेल असा आहे की तोच मित्राला आधी मारतो आणि मग भरतो, चुकीच्या क्षणी दाबलास तर तूच आपल्या कॅरीचा खुनी.

आणि वरचं ते "सपोर्ट हिरो" प्रकरण, हिरोच्या कपाळावर लिहिलेलं नसतं ते. २०१९ च्या इंटरनॅशनलमध्ये, म्हणजे डोटाच्या वर्ल्ड कपमध्ये, ओजी टीमने आयो कॅरी म्हणून खेळवला, तोपर्यंत आयो म्हणजे पक्का सपोर्ट, आणि फायनल जिंकून सलग दुसऱ्यांदा कप नेला. खेळवणाऱ्याचं नाव पण आना, तुमच्या ओव्हरवॉचवाल्यांना ऐकून बरं वाटेल.

आधी तर कुरिअर (आयटम आणून देणारा प्राणी) पण सपोर्टच्या खिशातून यायचा, २०१९ च्या शेवटी प्रत्येकाला आपापला मिळायला लागला. ऑब्झर्व्हर वॉर्ड (जिथे टाकू तिथलं दाखवत राहतो) आता फुकट आहे, तरी टाकायला जायचं सपोर्टनेच, बाकी चौघांचे हात मोडलेत बहुतेक.

---

डीपीएस_बाप

@मिनीमॅप_राणी वाचलं मी. पण मुद्दा तोच आहे, जुना_मेडिकनेच वर लिहिलंय झेनवाल्याने मारलंच पाहिजे. मी बघतो ना मॅचमध्ये, सगळ्यांची हेल्थ फुल आणि सपोर्टवाला उभा. बीम लावून नुसता उभा. तेवढ्या वेळात चार गोळ्या मारल्या तर काय बिघडतं.

---

वॉर्डवाला

@डीपीएस_बाप हे मात्र बरोबर बोललास. सगळे भरलेले असताना मोकळा हात वाया घालवणं हेच हरायचं कारण असतं बऱ्याचदा. माझा आक्षेप मोइराला एवढाच की ती मारते छान, भरते छान, पण तिच्याकडे समोरच्याचा डाव मोडणारं काही नाही. किरिकोकडे सुझू आहे, आनाचा जांभळा ग्रेनेड लागला तरी धुऊन काढते. बातीस्तकडे इमॉर्टॅलिटी फील्ड, त्यात कोणी मरत नाही. आनाकडे स्लीप. मोइरा आकडे देते, आकडे बघून सगळे खूश.

ग्रेनेडवरून आठवलं, समोर आना असेल आणि तुला लुसिओवर अडकल्यासारखं झालं तर दुसरा हिरो किरिको ठेव. ती भिंतीपलीकडून पण आपल्या माणसाजवळ टेलिपोर्ट होते, आणि हीलचे कागद आपोआप आपल्या माणसाकडे वळतात. तुझा राइन एकटा आत गेला की मागे जायला तिच्याइतकं सोयीचं कोणी नाही. कुनाई (फेकायचे सुरे) मारायला नेम लागतो पण ते जमेल तसं.

---

बेताचा_एइम

अरे बापरे, एवढं लिहिलंत सगळ्यांनी, धन्यवाद. लुसिओ काढला काल. वॉर्डवाला, तू म्हणालास तसं झालं, राइनला स्पीड दिला की तो चार्ज मारायच्या आधीच समोरच्यांच्या घोळक्यात पोचतो आणि मग आम्ही सगळे पण तिथेच असतो, त्यामुळे तो एकटा पडत नाही. निळा बीम मी जवळजवळ वापरतच नव्हतो, ते पण खरं.

पण गेंजीवाला पेटलाय. तो पार मागे दुसऱ्या टोकाला जाऊन "आय नीड हीलिंग" दाबत बसतो आणि लुसिओचं हील तिथपर्यंत पोचतच नाही. आता खापर माझ्यावर. आणि कोणीतरी मला लाइफवीव्हर सुचवला की राइनला ओढून परत आणता येतं, तो कसा आहे? शिवाय वीकेंडला आमचे दोघं व्हॅलोरंट पण खेळतात, तिथे तर हीलवाली एक सेज दिसते, मग तीच घ्यायची का?

---

जुना_मेडिक

गेंजीला सांग हीलचे पॅक मॅपवर ठेवलेत ते त्याच्यासाठीच ठेवलेत. टीमच्या मागे वीस पावलं जाऊन खेळायचं त्याने ठरवलंय, तू नाही. सपोर्टने प्रत्येकाला वाचवायचं नसतं, चौघं फाइटमध्ये आहेत आणि एक भटकतोय तर चौघांसोबत राहायचं, आणि हे त्याला मॅच सुरू व्हायच्या आधी सांगायचं, मेल्यावर नाही. मेल्यावर कोणी ऐकत नसतो.

तुमच्या दुसऱ्या सपोर्टकडे काय आहे ते पण बघ. तो झेन असेल तर हार्मनी ऑर्ब गेंजीवर लावून ठेवायला सांग, तो लांबूनही चिकटून राहतो, फक्त मधून मधून नजरेत यावा लागतो. दोन सपोर्टपैकी एकाचं हील पसरणारं आणि एकाचं एकावर बसणारं असं असलं की अशी भांडणं निम्मी कमी होतात.

---

कूलडाऊन_काकू

लाइफवीव्हर मी खेळते, २०२३ ला आला तेव्हापासून. लाइफ ग्रिपने आपल्या माणसाला ओढून स्वतःकडे आणता येतं हे खरं आणि चार्ज मारून फसलेल्या राइनला परत आणल्यावर जो आनंद मिळतो तो कशातच नाही. पण ऐक, ती ओढ तुझ्या टीममेटला विचारून होत नाही. त्याने आत्ता अल्ट दाबलंय, समोर चौघं आडवे पडणार, आणि तू घाबरून त्याला मागे खेचलंस तर तो तुला आयुष्यभर माफ करणार नाही. राइनच्या हातोड्याचं अल्ट तर अशा वेळी हवेतच जातं. त्यामुळे लाइफवीव्हर अशांसोबतच घ्यावा ज्यांचा आवाज कानात आहे, म्हणजे व्हॉइसवर "खेच" म्हणाला की खेचायचं. तुमचा ग्रुप आहे म्हणजे जमेल. अनोळखी लोकांत मी ग्रिप फक्त हेल्थ अगदी तळाला गेल्यावर वापरते आणि तरी शिव्या खाते.

आणि राइनला हे पण सांग की ओव्हरवॉच २ मध्ये चार्ज मधेच थांबवता येतो. बऱ्याच जुन्या राइनवाल्यांच्या हाताला अजून ती सवय नाहीये.

नवीन माणसाने एक पक्का, एक बरा. लीगमध्ये बॅन (हिरो त्या मॅचपुरता बंद करणं) असतातच, ओव्हरवॉचमध्ये पण २०२५ पासून कॉम्पिटिटिव्हला हिरो बॅन आलेत, एकच धरून बसलास आणि तोच बॅन झाला तर मॅचभर नुसता गोंधळ. चार पाच शिकायला गेलास तर एकही धड येत नाही, हे मी माझ्या भावाचं बघितलंय, त्याला सगळे सपोर्ट "येतात".

---

धूर_काढणारा

व्हॅलोरंटचं मी सांगतो. हील बघून सेज घेऊ नको. तिथे डोक्यात लागली तर एका गोळीत माणूस मरू शकतो, हील करायला संधीच किती मिळणार. सेज लोक घेतात ती भिंतीसाठी, समोरच्यांना स्लो करण्यासाठी आणि अल्टने मेलेल्याला उठवता येतं म्हणून. स्कायकडे पण हील आहे पण ती स्वतःला करू शकत नाही.

तुझ्यासारख्याला, म्हणजे एइम बेताचं आणि मॅप डोक्यात, कंट्रोलर, म्हणजे धूर टाकून समोरच्यांची नजर अडवणारा, घ्यावा असं मला वाटतं. ब्रिमस्टोनपासून सुरू कर. मॅप उघडायचा, तीन ठिकाणी बोट ठेवायचं, तिन्हीकडे एकदम धूर. साइटवर (बॉम्ब लावायच्या जागी) घुसताना समोरचे तीन कोपरे बंद झाले की तुमच्या लोकांना एका वेळी एकाच कोपऱ्याकडे बघावं लागतं, ही मदत कुठल्याही हीलपेक्षा मोठी आहे आणि त्याला नेम शून्य लागतो. तोटा असा की ते तीन धूर त्या राउंडपुरते संपले की संपले. ओमेनचे परत भरतात. क्लोव्ह तर मेल्यावर पण धूर टाकू शकते, लवकर मरणाऱ्यांसाठी बनवलीये म्हणायला हरकत नाही.

एका जागी बसून पहारा द्यायला आवडत असेल तर सायफर. तारा लावायच्या, कॅमेरा बसवायचा, समोरचे कुठून येतायत ते टीमला सांगत राहायचं. किलजॉयचं टरेट वगैरे पण चांगलं पण ती लांब गेली की तिची यंत्रं बंद पडतात, त्यामुळे फिरायची आवड असेल तर नको.

---

पाचवा_नंबर

हे बघ, पाच गेमचे लोक आले आणि कोणीच "जास्त हील करणारा घे" म्हणालं नाही.

---

मिनीमॅप_राणी

@पाचवा_नंबर डीपीएस_बापने मोइरा सांगितली की.

@बेताचा_एइम लुलू जमली की दुसरा एक फाइट सुरू करणारा ठेव, राकान नाहीतर लिओना. कारण कधी कधी तुमच्या टीममध्ये पुढे जाणारं कोणीच नसतं, टॉपने रेंजवाला घेतला, जंगलवाल्याने पण मागे राहणारा घेतला, अशा वेळी लुलू घेतली तर सगळे एकमेकांकडे बघत उभे राहतात, जाणार कोण? तेव्हा लिओना. ती गेली की बाकीच्यांना जावंच लागतं. थ्रेश पण सांगणार होते पण त्याचा कंदील, ज्याने टीममेट थ्रेशकडे ओढला जातो, टीममेटने स्वतः क्लिक करावा लागतो, आणि कंदील पायाशी पडलेला असताना समोरच्याशी लढत बसून मरणारे इतके बघितलेत की नवीन माणसाला सुचवायचा धीर होत नाही. तुझा जिंक्सवाला क्लिक करेल का, तूच ठरव.

आणि कंट्रोल वॉर्ड घे रे. ७५ सोन्याचा असतो. ड्रॅगन यायच्या एक मिनिट आधी नदीत टाकून ठेव, ड्रॅगन आल्यावर टाकायला जायचं म्हणजे अंधारात पाच जणांच्या तोंडात जाणं. सपोर्ट चांगला की वाईट ते मी तरी यावरूनच ओळखते. २०१४ च्या वर्ल्ड्समध्ये (लीगच्या वर्ल्ड कपमध्ये) माता नावाच्या सपोर्टला एमव्हीपी दिला होता, सॅमसंग व्हाइटचा, त्याच्या जुन्या मॅच काढून फक्त तो वॉर्ड कुठे आणि कधी टाकतो तेवढं बघ. किल विसरून जा.

---

बेताचा_एइम

जिंक्सवाला कंदील क्लिक करणार नाही हे मी लिहून देतो. लुलू आणि लिओना ठरलं. ओव्हरवॉचला लुसिओ आणि किरिको. व्हॅलोरंटला ब्रिमस्टोन बघतो.

एक शेवटचं, बॅरियर मी अजून सारखा उशिराच मारतोय. समोरच्या झार्याचं अल्ट पडलं की मगच हात जातो. ऐकू आल्यावर दाबायचं की आधीच?

---

वॉर्डवाला

झार्याचं अल्ट ऐकू आल्यावर दाबलंस तरी चालतं, कारण ते ओढतं आधी आणि मरण येतं ते त्यात मागून येणाऱ्या दुसऱ्या अल्टने. तेव्हा घाबरून पहिल्या आवाजाला दाबू नकोस आणि सगळे गोळा होईपर्यंत थांबूही नकोस. तू स्वतः त्यात ओढला जाणार नाहीस एवढं बघ, भिंतीवर असशील तर बरं, तिथून उडी मारून खाली आपट. आणि बॅरियर लागल्यापासून कमी कमी होत जातो हे लक्षात ठेव, खूप आधी मारलास तर दुसरं अल्ट येईपर्यंत विरलेला असतो. ज्यांच्याकडे ते दुसरं अल्ट असू शकतं त्यांची नावं फाइटच्या आधी व्हॉइसवर बोलून टाक, "झार्या आणि हान्झो तयार असतील" एवढंच. तुझं तुलाच दाबायला सोपं जातं मग.

---

डीपीएस_बाप

आणि झार्याला बूप करून, म्हणजे धक्का देऊन, कड्यावरून खाली ढकल, अल्ट यायच्या आधीच. लुसिओच आहेस ना.